सराउंड आणि छताचे स्पीकर नेमके कुठं लावू? (खोली १४ × ११ फूट)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात, कळंब्याला घराच्या वरच्या मजल्याचं काम संपत आलंय. एका खोलीत होम थिएटर करतोय. ५.१.२ (समोर तीन स्पीकर, दोन्ही बाजूंना थोडे मागं दोन सराउंड, जड आवाजाचा एक सबवूफर, छताला दोन) नक्की, जमलं तर ५.१.४ (छताला चार). रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा), स्पीकर घेऊन झालेत. अडलंय ते भोकं कुठं पाडायची यावर. सोमवारी रंगारी येणार, त्याच्या आत वायरी ओढायच्यात.

स्लॅब १० फुटांवर. टीव्ही ११ फुटी भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला चिकटून. पंखा खोलीच्या मधोमध. सोफ्याच्या उजवीकडं गॅलरीचं दार, तेही नेमकं सराउंड लागायच्या जागी!

दुकानदार म्हणाला, "मागच्या दोन कोपऱ्यांत छताला लागून टांगा, थेटरात तसंच असतं." पण डॉल्बीच्या आराखड्यात ५.१ चे सराउंड समोरून ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या थोडे मागं दाखवलेत, आणि उंची कानाइतकी किंवा किंचित वर. मला हेच पटतंय. सराउंडच छताला गेले तर वरचं हेलिकॉप्टर आणि मागून आलेली मोटारसायकल एकाच ठिकाणी वाजणार. मग वरच्या स्पीकरवर पैसे घातले कशाला?

तर दाराकडच्या सराउंडचं काय करू? वर दोन लावू की चार? आणि स्लॅबला भोकं नकोत म्हणून छताकडं आवाज फेकणारे स्पीकर आणले तर चालतील का? दुकानदार बदलून द्यायला तयार आहे.

प्रतिसाद :
भावा, सगळं त्या सोफ्यावर अडलंय. चारचा नाद सोड. बसल्यावर कान साडेतीन फुटांवर, स्लॅब दहावर, मधे साडेसहा फूट. चार लावायचे तर मागचे दोन (समोरून डोक्यावरून मागं मोजत) कमीत कमी १२५ अंशांवर पाहिजेत, म्हणजे डोक्याच्या साडेचार फूट मागं. एवढी जागा कुठनं आणणार, शेजाऱ्याच्या बेडरूममधनं? दोनच लाव, डोक्याच्या फूटभर पुढं, समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या रेषेत.

सोफा मात्र ओढायलाच लागतोय. डोकं भिंतीपासून तीन फुटांवर आलं की बाजूच्या भिंतीवर कानाच्या दोन फूट मागं सराउंड बसतो, तेच तुझे ११० अंश. दाराकडचा स्टँडवर ठेव. तो थोडा जवळ आला तर रिसीव्हर डिले (आवाज किंचित उशिरा सोडून) आणि लेव्हलनं (आवाज कमी-जास्त करून) सांभाळून घेतो, दिशा मात्र त्याला बदलता येत नाही. म्हणून अंतर चुकलं तरी चालेल, कोन चुकवू नको.

प्रतिसाद :
आवाज फेकणाऱ्यांना सपाट छत लागतं, ते तुमच्याकडं आहे, उंचीही बसते. पण आवाज टीव्ही आणि सोफ्याच्या साधारण मधे छतावर आदळून खाली येतो, आणि तिथंच तुमचा पंखा. मी तरी भोकंच पाडली असती. स्लॅबमध्ये दोन इंचांपेक्षा खोल जाऊ नका, आतला विजेचा पाइप कुठून गेलाय ते इलेक्ट्रिशियनला आधी विचारा. ड्रिल हातात घेण्याआधी स्पीकर शिडीवर, त्याच जागी धरून दोन-तीन सीन ऐका.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. आईला विचारलं. "सोफ्याच्या मागं जागा सोडून तिथं काय म्हैस बांधायची?" सोफ्याला चाकं लावतो, झाडताना सरकवता येईल म्हटल्यावर दोन फुटांवर तयार झाली. पाठीची जाडी धरून डोकं तीन फुटांवर येतंय. उद्या शिडी घेऊन बसतो. स्टँडची वायर दाराच्या उंबऱ्याखालून नेली तर पावसाळ्यात गॅलरीतलं पाणी आत येतं, तिला कुठून वळवू?