कॅसेटवरील भजने कोणत्या स्वरूपात जतन करावीत?

टाळकरी : आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी आता संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. दुकानदार सर्व ध्वनिमुद्रण १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट माहिती) एमपी३ स्वरूपात देण्यास तयार आहे, परंतु मंडळातील एका सदस्यांचा वेव्ह (आवाज न आकसता साठवणाऱ्या) फाइलींचा आग्रह आहे. तसेच उत्सवाचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण एमपी४ असूनही मंडळाच्या जुन्या टीव्हीवर केवळ आवाज येतो, चित्र दिसत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ध्वनिलेखक : सदस्यांचा आग्रह योग्य आहे. एमपी३ मध्ये मोठ्या आवाजाआड कानाला जाणवणार नाहीत असे मानलेले सूक्ष्म ध्वनी कायमचे गाळले जातात, आणि १२८ केबीपीएसला त्याचा पहिला फटका टाळांना बसतो. त्यांचा खणखणीत नाद विरघळल्यासारखा, फसफसता ऐकू येतो. अशी फाइल पुढे वेव्हमध्ये रूपांतरित केली, तरी आकार तेवढा वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट (आवाजाचे नमुने किती वेळा आणि किती बारकाईने घेतले, हे सांगणारे आकडे), स्टिरिओ वेव्हला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट साधारण ६३५ एमबीत मावते. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे काहीच नाही, त्यामुळे जागेची सबब मला पटत नाही. शक्य असल्यास ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट घ्यावे. मूळ प्रतीतील खरखर काढू नये. ती सफाई वेगळ्या प्रतीवर करावी.

संग्राहक : वरील मताशी सहमत आहे, मात्र साठवणुकीसाठी मी वेव्हऐवजी फ्लॅक सुचवेन. त्यात आवाजाचा कोणताही अंश न गाळता फाइल लहान होते, गायकाचे नाव, अभंग, वर्ष ही माहिती फाइलीतच नीट नोंदवता येते, आणि मूळ ध्वनीची पडताळणी-खूणही सोबत राहत असल्याने पुढे फाइल बिघडली तर ते तपासता येते. कॅसेटीची खरखर फारशी आकुंचित होत नसल्याने जागेची बचत मात्र अपेक्षेपेक्षा कमी होईल. सदस्यांना व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी त्यातूनच एमपी३ काढावी.

टाळकरी : आभारी आहे. दुकानदाराकडे वेव्हची मागणी करतो आणि त्यांची फ्लॅक आम्हीच करून घेऊ. चित्रीकरणाचे काय करावे?

दृक्‌संपादक : एमपी४ हा केवळ डबा आहे, आतील चित्र आकसून साठवण्याच्या एच.२६४ पद्धतीचे असू शकते किंवा एच.२६५. पहिली पद्धत २००३ची, दुसरी २०१३ची. आपल्या लक्षणांवरून आत एच.२६५ असण्याची शक्यता अधिक वाटते, कारण अनेक नवे मोबाइल जागा वाचवण्यासाठी ते वापरतात आणि जुन्या टीव्हीला ते उलगडता येत नाही. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाइल उघडून कोडेकची (म्हणजे वरीलपैकी कोणती पद्धत वापरली आहे, याची) माहिती पाहावी. फाइलीच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून उपयोग होणार नाही; हँडब्रेकसारख्या मोफत प्रणालीने एच.२६४ प्रत तयार करावी लागेल. त्या रूपांतरात थोडी गुणवत्ता घटते, म्हणून मोबाइलमधील मूळ फाइल पुसू नये. पुढील उत्सवापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ निवडल्यास ही खटपट टळेल.