शाळेच्या प्रदर्शनासाठी जुन्या सायकलीची चालती प्रतिकृती: कोणती करावी?

करवत: नववीच्या मुलांकडून जुन्या काळची एक सायकल बनवून घ्यायची आहे, मैदानात चालवता येईल अशी. पेनी-फार्दिंग, म्हणजे पुढचं चाक भलं मोठं आणि मागचं लहान अशी सायकल, जमेल का? सुतार मदतीला आहे, दोन आठवडे हातात आहेत.

चाकोरी: पेनी-फार्दिंग नको. तिचं पेडल थेट पुढच्या चाकाला, त्यामुळे वेग हवा तर चाकच मोठं करावं लागे. ५४ इंची चाक एका फेऱ्यात ४.३ मीटर जातं, पण स्वार जवळजवळ एक्सलच्या डोक्यावर बसलेला असतो. चाक अडलं की तो हँडलवरून थेट पुढे फेकला जातो.

कार्ल द्राइस या जर्मन संशोधकाचं धावयंत्र करा. १२ जून १८१७ला मानहाइमहून निघून तो सुमारे १३ किलोमीटरची फेरी तासाच्या आत करून आला. पेडल नाही, चेन नाही, पायांनी जमीन रेटायची. एकामागे एक अशा दोन चाकांवर तोल राहतो, हा खरा शोध. बाकी सगळं नंतरचं.

रंधा: सहमत. मूळ चाकं २७ इंची, लाकडी आऱ्यांची, लोखंडी धाव चढवलेली. मुलांना ती उंच पडतील आणि दोन आठवड्यांत होणारही नाहीत. २० इंची तयार चाकं घ्या, पण तारेचे स्पोक तेव्हा नव्हते हे फलकावर लिहा.

मधला दांडा सागाचा, ९ सेमी उंच, ४ सेमी जाड. बैठक मुलाच्या पायाच्या आतल्या मापापेक्षा ५ सेमी खाली. टाच टेकलीच पाहिजे. पुढचं चाक धरणारा चिमटा ज्यावर वळतो त्या खिळीला १६ मिमीचा बोल्ट, वर-खाली पितळी वॉशर आणि दोन नट. एकच नट लावलात तर वळवता वळवता तो सैल होतो. भोकापाशी दांडा लाकडाच्या रेषेत चिरतो, म्हणून दोन्ही बाजूंना ३ मिमीची पट्टी ठोका.

सगळ्यात महत्त्वाचं: खिळ उभी ठेवा आणि पुढचं एक्सल तिच्या ५-६ सेमी मागे. पुढे गेलं तर चाक वळून उलट्या तोंडाचं व्हायला बघतं, हँडल सरळ राहतच नाही. द्राइसनेही एक्सल मागेच ठेवलं होतं.

हँडलमागे कोपरं टेकायला गादीची फळी हवीच, नाहीतर रेटताना अंग मागे जातं. ब्रेक मागच्या चाकाला. मूळ यंत्रातही तो मागेच होता, दोरीने ओढायचा.

करवत: फलकावर सायकलीचा पहिला जनक म्हणून सांगतात तो १७९१चा फ्रेंच द सिव्राक टाकू ना?

चाकोरी: अजिबात नाही. ती कथा १८९१मध्ये रचलेली आहे. लिओनार्दो दा विंचीच्या नावावरचं सायकलीचं चित्रही वगळा. १८१७नंतर थेट १८६०च्या दशकातलं पॅरिस, पुढच्या चाकाचं पेडल. मग १८८५ची स्टार्लीची रोव्हर सायकल: मागच्या चाकाला चेन, म्हणजे चाक लहान ठेवूनही वेग. १८८८ला डनलॉपचा हवेचा टायर. शेजारी साधी २८ इंची सायकल ठेवा. पुढे ४४ दाते, मागे १८ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात ती ५.४ मीटरच्या वर जाते. मुलांना टेपने मोजून दाखवायला लावा.