नाव ठेवताना, नावं ठेवली जाण्याआधी

बाळांच्या लोकप्रिय नावांच्या याद्या आता जगभरच्या मिळतात. इंग्लंड-वेल्समध्ये 2023 साली मुलांत मुहम्मद पहिलं आलं, मुलींत ऑलिव्हिया 2016 पासून जागची हललेली नाही. अमेरिकेत 2017 पासून लियाम. या नावांचा अर्थ तिथल्या किती आईबापांनी विचारला असेल? आपल्याकडे मात्र नाव सांगितलं रे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "अर्थ काय?" तर हा अर्थ किती धरून बसायचा आणि तपासायचा कसा, हे ज्यांना आतून माहीत आहे त्यांनी लिहा. "आमच्या पिल्लाचं नाव कसं ठरलं" हे नको. दुसऱ्याच्या कामी येईल असं नेमकं हवं. मजकुराच्या वर आपलं टोपणनाव टाका.

अवग्रह

अर्थ हवाच असेल तर निदान खरा घ्या. नावांच्या साइटवर 'आरव' म्हणजे 'शांत' असं सर्रास दिलेलं असतं. आरव म्हणजे आवाज, ओरडा. कोंबडा आरवतो तोच हा शब्द. नाव म्हणून वाईट नाही, जन्मल्यावर बाळ पहिल्यांदा तेच करतं. पण शांततेच्या आशेने ठेवू नका.

तपासायची पद्धत साधी आहे. नाव आधी देवनागरीत लिहा, ऱ्हस्व-दीर्घासकट. रोमन लिपीतून शोधलंत की इरा आणि ईरा, नील आणि निल एक होऊन बसतात. मग वामन शिवराम आपट्यांचा किंवा मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश उघडा, दोन्ही नेटवर फुकट आहेत. शब्द जसाच्या तसा सापडला नाही तर फोडून बघा. शिवांश = शिव + अंश, प्रियांश = प्रिय + अंश; दोन्ही तुकड्यांना अर्थ आहे. आता 'रेयांश' फोडा. 'अंश' हाती लागतो, उरलेल्या 'रेय'चं काय करायचं? 'अद्विक'चंही तेच. 'अद्वितीय' शब्द आहे, 'अद्विक' त्याच्याकडे बघून बनवलेला. बनवलेलं नाव ठेवायला कुणाची हरकत नाही, फक्त बारशाच्या पत्रिकेवर "संस्कृतमध्ये अर्थ…" असं छापू नका, एखादे शास्त्रीबुवा जेवायला असतात.

शिवाय लिंग बघा. स्वर पुल्लिंगी, 'स्वरा' हे आपलं नुसतं आ लावून केलेलं रूप.

खारीचा वाटा

जुन्या शास्त्रात अर्थापेक्षा घडणीवर जास्त भर आहे, हे सहसा सांगितलं जात नाही. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, सुरुवात घोष वर्णाने (ग, ज, द, ब वगैरे), मध्ये य-र-ल-व पैकी काही, आणि कृदन्त (म्हणजे धातूला प्रत्यय लागून बनलेलं) असावं असं आहे. मुलीचं विषम अक्षरी आणि आकारान्त. 'देव' या कसोटीला सरळ उतरतं. म्हणजे हाक मारायला गोड हवं, याचीच ही व्याकरणातली सोय.

उंटावरून

जर्मनीबद्दल लिहितो. जन्माची नोंद आठवड्याभरात आणि नाव महिन्याभरात द्यावं लागतं. बाळाच्या हिताविरुद्ध वाटेल असं नाव अधिकारी नाकारू शकतो. पूर्वी नावावरून मुलगा की मुलगी ते कळलंच पाहिजे असा आग्रह धरत. तो मोडला एका भारतीय नावाने : किरण. मुलीचं एकमेव नाव म्हणून ते नोंदवायला नकार मिळाला, प्रकरण घटना न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर 2008 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नावातून लिंग दिसलंच पाहिजे असा कायदाच नाही. किरण म्हणजे काय, यावर वाद नव्हताच.

तिकडे त्रास होतो तो अर्थाचा नाही, अक्षरांचा. जर्मन माणूस जे ला 'य' वाचतो आणि व्ही ला बऱ्याचदा 'फ'. ओजसचं 'ओयास', वेदचं 'फेट'. स्पेनमध्ये ओजस 'ओहास' होतो, आणि तिथे माला म्हणजे 'वाईट', लता म्हणजे पत्र्याचा डबा. मीरा चालतं, फक्त स्पॅनिशमध्ये तो "बघ!" असा हुकूम आहे. बाहेर राहणार असाल तर नाव कागदावर रोमनमध्ये लिहून, काहीही न सांगता, तिथल्या तिघांकडून वाचून घ्या. तिघांनी तीन वाचली तर स्पेलिंग बदला, नाव नको.

झुळूक

ज्ञ वाल्यांनी सांभाळा. ज्ञानदाचं स्पेलिंग मराठी पद्धतीने डी-एन-वाय ने सुरू केलं की दिल्लीतसुद्धा अडखळतात. जी-वाय केलं की आजी अडखळते. दोन्ही चालतं, पण दाखला, आधार, शाळा सगळीकडे एकच ठेवा.

साडेतीन शहाणे

याद्यांबद्दल एक. इंग्लंडच्या यादीत स्पेलिंग मोजतात, नाव नाही. मुहम्मद, मोहम्मद, मोहम्मेद या वेगवेगळ्या ओळी. आणि अमेरिकेच्या जाहीर यादीत पाचपेक्षा कमी बाळांची नावं येतच नाहीत. "यादीत नाही म्हणजे जगात एकच" हा निष्कर्ष काढू नका.

तांबडी माती

अर्थाला महत्त्व नाही म्हणणाऱ्यांनी 'नकोशी' आठवावी. 2011 साली सातारा जिल्ह्यात 280 हून अधिक मुलींची ही नावं समारंभ करून बदलली. चीनमध्ये चाओती, म्हणजे 'भावाला घेऊन ये'. हरियाणात भतेरी, म्हणजे 'पुरे झाल्या'. याच्या उलट धोंडू, दगडू : आधीची मुलं दगावली की दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली. ऐकायला दोन्ही ओबडधोबड, पण धोंडू हवासा होता म्हणून धोंडू.

पुस्ती

जपानमध्ये अर्थ आवाजात नसतो, लिपीत असतो. 'हारुतो' हे एकच नाव वेगवेगळ्या चित्राक्षरांनी लिहितात, आणि अक्षर बदललं की अर्थ बदलतो. नोंदणी 14 दिवसांत, आणि परवानगी असलेली अक्षरं सुमारे 3000 च. परवानगीची अक्षरं वापरूनही अडतं : 1993 मध्ये एका बापाने मुलाचं नाव 'आकुमा' म्हणजे सैतान ठेवायला घेतलं, दोन्ही अक्षरं यादीतली, तरी प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी बापाने दुसरं नाव दिलं. आइसलँडची अट तर आपल्या व्याकरणाच्या बाईंना आवडेल. तिथे नावाला आइसलँडिक षष्ठीचा प्रत्यय लागला पाहिजे, नाहीतर ते आधीपासून रुळलेलं हवं. कारण बहुतेकांना आडनाव नसतं. बापाच्या किंवा आईच्या नावाची षष्ठी आणि पुढे 'सोन' किंवा 'दोत्तिर'. षष्ठी होत नसेल तर पुढच्या पिढीचं नावच तयार होणार नाही.

उंबरठा

घानातल्या अकान लोकांत वारावरून नाव : शुक्रवारचा कोफी (कोफी अन्नान), शनिवारचा क्वामे (क्वामे एन्क्रुमा). आपला सोमा, मंगळ्या, बुधाजी यांचे हे लांबचे भाऊ.

आता आपल्याकडची कागदपत्रं. नाव ठरलं नाही म्हणून जन्माची नोंद थांबवू नका. 21 दिवसांत नोंद, नावाचा रकाना कोरा चालतो. पहिल्या 12 महिन्यांत नाव फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट वगैरेसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, तेव्हा त्यातली चूक सगळीकडे जाते. देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. तोंडी सांगू नका, 'श्रीया'ची 'श्रेया' तिथेच होते.

लांब नावाचं गणितही करा. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळीत नावाला 39 जागा असतात. समजा ज्ञानेश्वरी चंद्रशेखर देशपांडे : रोमनमध्ये आडनाव 9, मग दोन खुणा, ज्ञानेश्वरी 12, एक खूण, चंद्रशेखर 14. एकूण 38. एक घर शिल्लक. अंकशास्त्राच्या नादाने दोन जादा 'ए' घातलेत तर शेवटचं अक्षर कापलं जाणार.

झुळूक

एक विचारायचं राहिलं. हस्त नक्षत्र, तिसरा चरण. गुरुजी म्हणतात 'ण' अक्षर. ण वरून काय ठेवणार?

अवग्रह

काहीच नाही. 27 नक्षत्रांच्या 108 अक्षरांत ङ, ञ, ण आहेतच : आर्द्रेला ङ, उत्तराभाद्रपदेला ञ, हस्ताला ण. त्यावरून मराठीत नाव सुरू होत नाही. हस्ताचीच बाकीची अक्षरं आहेत पू, ष, ठ. 'पूर्वा' नाव घ्या. नाहीतर नावरस नाव (नक्षत्राच्या अक्षरावरून येणारं) जन्मपत्रिकेत राहू दे आणि पाळण्यात तुम्हाला आवडेल ते घाला.