शोकरजा म्हणजे लाड? एका टीम लीडला उत्तर

शाईचा_डाग: काल इथल्या एका टीम लीडने लिहिलं, "घरी कुणी गेलं तर हक्काची रजा असतेच. वेगळी शोकरजा म्हणजे लाड. कामात मन रमतं." वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आई गेली तेव्हा माझ्या खात्यात दोन दिवस उरले होते. बाकीची रजा तिच्याच आजारपणात गेली होती. घरात दुखणं असलं की 'हक्काची रजा' आधीच संपलेली असते, हे तुमच्या गणितात येतच नाही. तिसऱ्या दिवसापासून बिनपगारी. चौथ्या दिवशी एचआरचा मेल, मृत्यूचा दाखला जोडा. पाचव्या दिवशी कामावर बसले आणि एकच आकडा तीनदा चुकीचा भरला. हेच का ते मन रमणं? न्यूझीलंडमध्ये जवळचं माणूस गेलं तर कायद्यानेच ३ दिवस पगारी मिळतात, २०२१ पासून आपोआप झालेल्या गर्भपातानंतरही. तिथे कुणाचे लाड चाललेत?

टीम_लीड: ताई, दुःख समजतं. पण माझ्याकडच्या एकाने अडीच वर्षांत तीन आज्या मारल्या. त्याचं काम रात्री बसून मी उपसलं. दाखला उगाच नाही मागत.

काठावरचा: तीन का नसाव्यात? आईची आई, वडिलांची आई, आजोबांची दुसरी बायको.

टीम_लीड: चौथीही आणा.

हिशेबनीस: आईची मावशी आजीच, वडिलांची काकू आजीच. मला सात होत्या.

टीम_लीड: आणि सातही नेमक्या ऑडिटच्या आठवड्यात!

हिशेबनीस: मरण ऑडिट बघून येत नाही, साहेब. जीभ आवरा. मला आत्याने वाढवलं. नियमातल्या 'जवळच्या नात्यात' आत्या बसत नाही, म्हणून अर्धा दिवस मिळाला. सासऱ्यांशी दहा वर्षं बोलणं नव्हतं, त्यांचे पाच दिवस मिळाले. घेतले. पाचही दिवस आत्यासाठी रडलो.

शटरवाला: आम्हा धंदेवाल्यांना कोण देतं रजा? बाप गेला, दुसऱ्या दिवशी शटर उघडलं.

शाईचा_डाग: मग तुमच्या नोकराचा बाप गेल्यावरही त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणार?

शटरवाला: चार माणसांत धंदा चालवून बघा, मग बोला.

काठावरचा: टीम लीडची बाजू घ्यायची इच्छा नाही, पण भाऊ गेला तेव्हा मला कामानेच तारलं. घरात बसलो असतो तर वेडा झालो असतो. कोसळलो चार महिन्यांनी, तेव्हा रजा उरली नव्हती. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून मूल गमावलेल्या आईबापांना दोन आठवडे मिळतात, आणि ते ५६ आठवड्यांच्या आत वेगवेगळे घेता येतात. तशी सोय हवी.

टीम_लीड: बरं बाबा. आईवडील, जोडीदार, मूल, भावंडं, यांचा दाखला नाही मागणार. आज्यांचा मात्र मागणारच.

हिशेबनीस: आणि आत्याचा?

टीम_लीड: ...आत्याचाही राहू दे.

हिशेबनीस: उपकार झाले. सात आज्यांचे स्कॅन चालतील की झेरॉक्स?