शब्दचर्चा : 'जर्नीमन'ला मराठीत काय म्हणावं?

— मिशेल पेती या कॅनडाच्या आइस हॉकीपटूवर मराठीत लिहितोय. बचावपटू. १९८२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवोदित खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात त्यात, व्हँकूव्हरने त्याला पहिल्याच फेरीत, ११व्या क्रमांकावर घेतलं. पुढे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये तो न्यू यॉर्क, क्यूबेक, टोरोंटो, कॅल्गरी असं करत एकूण १० संघांकडून ८२७ सामने खेळला. इंग्रजीत अशाला 'जर्नीमन डिफेन्समन' म्हणतात. मी 'भटका बचावपटू' लिहिलंय, पण खटकतंय. 'बारा गावचं पाणी प्यायलेला' चालेल का?

— अजिबात नको. तो इरसाल माणूस झाला.

— 'भटका' खटकतं कारण आपण 'जर्नी' म्हणजे प्रवास धरून चालतो. या शब्दात मुळात आहे तो दिवस. फ्रेंच 'जूर्ने', म्हणजे दिवसभराचं काम. युरोपातल्या कारागिरांत ज्याची शिकाऊ उमेदवारी संपली, हातात कसब आलं, पण स्वतःचा कारखाना नाही, तो दुसऱ्या उस्तादाकडे रोजावर राबायचा; तो जर्नीमन. त्यामुळे नुसते संघ मोजून भागत नाही. आरन फिंच आयपीएलमध्ये ९ संघांकडून खेळला, पण ऑस्ट्रेलियाच्या माजी कर्णधाराला जर्नीमन म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. हॉकीत सामन्याला बचावपटूंच्या साधारण तीन जोड्या उतरतात. कुणी जखमी झालं, जोडी मोडली, की ज्याला बोलावून लगेच बर्फावर उतरवता येतं, तो हा माणूस. नवखा नाही आणि तारांकितही नाही. 'रोजंदार' अर्थाला जवळचा आहे, पण आपल्याकडे तो ऐकला की रोजगार हमीचं काम डोळ्यासमोर येतं. 'भाडोत्री' तर शिवीच.

— 'बारगीर' कसा वाटतो? मराठ्यांच्या घोडदळात शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. खेळाडूचंही तसंच, करार संघाच्या हातात. २ जानेवारी १९९२ला टोरोंटो आणि कॅल्गरीने पाच-पाच खेळाडूंची अदलाबदल केली, त्या पाचांत पेती टोरोंटोहून कॅल्गरीला गेला. नामवंत हॉकीपटू डग गिलमर त्याच सौद्यात उलट दिशेने आला, म्हणून तो सौदा आजही गिलमरच्याच नावाने ओळखतात.

— उपमा झकास, पण बारगीर एका सरकारकडून दुसऱ्याकडे असा बदलीत दिला जात नव्हता. शिवाय 'शिलेदार' आज नुसता गौरवाचा शब्द झालाय, त्याच्याशेजारी बारगीर कोण ओळखणार? एका शब्दाचा हट्ट सोडा आणि अर्थ वाक्यात उलगडा.

— मग असं लिहितो : 'मिळेल त्या संघात निमूट बचाव सांभाळणारा कसलेला खेळाडू.'

— 'कसलेला' उत्तम. 'निमूट' तेवढं काढा. त्याच्या नावावर शिक्षेची, म्हणजे नियमभंगासाठी मिळालेली, १८००हून जास्त मिनिटं आहेत!