'द क्रुसेड'चे दोन भाग हरवले ते बरंच झालं म्हणे!

उंटावरचा (धागाकर्ता)

'हार्टनेलच्या काळातलं काय बघावं' या धाग्यावर (हार्टनेल म्हणजे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या काळप्रवासाच्या मालिकेतला पहिला डॉक्टर) कलमबहाद्दर यांचा एक प्रतिसाद वाचला आणि डोकंच फिरलं. म्हणणं थोडक्यात असं: त्या मालिकेतल्या 'द क्रुसेड' या धर्मयुद्धाच्या कथेच्या चारपैकी दोनच भाग उरलेत, अर्धवट गोष्ट बघणं म्हणजे वेळ वाया. वर गोऱ्या नटांना तपकिरी रंग फासून अरब बनवलंय, तेव्हा बाकीचे दोन हरवले ते बरंच झालं. त्यावर धडाधड '+१' पडले. तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ धाग्याचा बोऱ्या वाजला असता, म्हणून हा वेगळा.

परवा रात्री मी चारही भाग पुन्हा संपवले. हो, चारही. पहिला आणि तिसरा डोळ्यांनी, दुसरा आणि चौथा कानांनी. त्या वेळी काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज भरून घेतला, म्हणून 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या नव्वदहून जास्त भागांपैकी प्रत्येकाचा आवाज आज शाबूत आहे. बीबीसीने पुसलं आणि प्रेक्षकांनी जपलं, अशी उलटी गंगा.

आणि या गोष्टीला आवाज पुरतो. कारण डेव्हिड व्हिटेकरने साहसकथेच्या नावाखाली चक्क दरबारी नाटक लिहिलंय. तिसरा भाग घ्या, 'द व्हील ऑफ फॉर्च्यून'. ज्युलियन ग्लोव्हरचा रिचर्ड, म्हणजे इंग्लंडचा राजा, युद्धाला कंटाळलाय. तह व्हावा म्हणून तो सख्ख्या बहिणीचं लग्न शत्रूपक्षाचा सुलतान सलादीन याच्या भावाशी ठरवतो, आणि तिला विचारतसुद्धा नाही. जीन मार्शच्या जोआनाला हे कळतं तेव्हा ती भावाला जे फैलावर घेते, पोपपर्यंत जाईन म्हणते, तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन बघितला. एकही तलवार नाही, मागे पुठ्ठ्याच्या भिंती, आणि तरी अंगावर काटा येतो. हा प्रस्ताव व्हिटेकरच्या डोक्यातून निघालेला नाही बरं का. ११९१ साली रिचर्डने तो खरोखर पुढे केला होता.

त्याच भागात डॉक्टर आणि लेस्टरचा सरदार यांची जुंपते. डॉक्टर त्याला सरळ खाटीक म्हणतो. लेस्टर म्हणतो, तुम्हा बोलघेवड्यांची तोंडं दमली की मरायला आम्हीच जायचं. आणि लेस्टरचं उत्तर जास्त वजनदार आहे! नायकाला प्रत्युत्तर देणाऱ्या माणसाला इतका न्याय हल्लीचा कुठला लेखक देतो?

हरवलेल्या भागांत काय गेलं? डॉक्टरच्या सोबत्याला, इअनला, 'सर' करतात तो प्रसंग, आणि चौथ्यात वाळवंटात त्याला आडवा बांधून मध फासून मुंग्या सोडतात तो. मुंग्या न दिसल्याने माझं काही बिघडलं नाही.

रंग फासणं वाईटच, त्यावर वाद नाही. पण बर्नार्ड केचा सलादीन बघा. संपूर्ण गोष्टीत सगळ्यात शहाणा, सगळ्यात कमी आवाजात बोलणारा माणूस तो. १९६५ साली, ब्रिटिश पोरांच्या शनिवार संध्याकाळच्या कार्यक्रमात. हे हरवलं ते बरं झालं?

कलमबहाद्दर

नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आमची तेवढीच प्रसिद्धी.

सलादीन चांगला, हारूनही चांगला. पण गोष्टीची गाडी कोण ओढतं? एल अकीर. तोंडावर व्रण, जनानखाना, गोऱ्या बाईला पळवून नेणारा लंपट अमीर. वरचा एक शहाणा सुलतान दाखवायचा आणि खालचे तेच जुने बुजगावणे उभे करायचे. हा समतोल तुम्हाला दिसला, मला सोय दिसली.

आणि 'आवाज पुरतो' म्हणे! मग दूरचित्रवाणी कशाला, नभोनाट्य म्हणा. डग्लस कॅमफिल्डसारख्या दिग्दर्शकाचं अर्धं काम तुम्ही ऐकून निकालात काढता आणि वर माझ्यावर नासधुशीचा आरोप.

टाइमपासराव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

सायली_पार्ल्याची

मला दोघांचंही पटत नाही. या धाग्यावर अजून डॉक्टरची सोबतीण बार्बरा हिचं नावसुद्धा धड आलेलं नाही, आलं ते 'गोरी बाई' म्हणून.

तिसऱ्या भागात हारून तिला आपल्या घरात लपवतो, हातात सुरी देतो आणि सांगतो, शिपाई आत आले तर आधी माझ्या मुलीला मार, मग स्वतःला. सफिया, त्याची मुलगी, शेजारीच उभी. शिपाई अगदी जवळ येतात तेव्हा बार्बरा ती सुरी वापरत नाही. स्वतः बाहेर जाऊन सापडते, म्हणजे पोरीपर्यंत कोणी पोचू नये. जॅकलिन हिलचा चेहरा त्या क्षणी बघा. हे कानांनी कसं कळणार, उंटावरचे?

माझी लेक नववीत आहे. तिच्यासोबत बघत होते. त्या जागी तिने थांबवायला लावलं आणि विचारलं, "बाबाच कसा म्हणू शकतो मारून टाक?" पुढचा अर्धा तास जोहार आणि शाळेतला इतिहास यावर गेला. मालिका राहिली बाजूला. त्यामुळे 'पोरांचा कार्यक्रम' म्हणून कोणी नाक मुरडू नये.

निवृत्त टेपवाला

'बीबीसीने पुसलं' असं सगळे तोंड वर करून म्हणतात. मी एका केंद्रात टेप लायब्ररीत उमेदीची वर्षं काढली आहेत, कुठल्या ते विचारू नका. दोन इंची टेप म्हणजे काय हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. एकेक स्पूल उचलताना कंबर धरायची. परदेशी चलनात पैसे मोजून आणलेली. डब्यावर कार्यक्रमाचं नाव, त्यावर लाल पेन्सिलची फुली, खाली दुसरं नाव, त्यावर परत फुली. एका डब्यावर चार-चार नावं असायची. पुनःप्रक्षेपण होणार नसेल तर साहेब विचारायचे, हे अडवून कशाला ठेवलंय?

तिकडेही तेच. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुन्हा दाखवण्यावर बंधनं, घरी बघायला व्हिडिओ नाही, मग जपायचं कोणासाठी? टेपा पुसल्या ते एकवेळ समजतो. विलायतेबाहेर विकायला काढलेल्या सोळा मिमीच्या फिल्मच्या प्रतीही सत्तरच्या दशकात फेकल्या, ते मात्र अक्षम्य. 'द क्रुसेड'चा पहिला भाग १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका संग्राहकाकडे निघाला तो अशीच एक प्रत म्हणून. ओरखडे इतके की पाऊस पडतोय असं वाटतं. पण आहे.

कलमबहाद्दर

टेपवाले काका, तुमच्याविषयी आदर आहे, पण 'साहेब म्हणाले' हे समर्थन नाही होत.

निवृत्त टेपवाला

समर्थन कोण करतंय? हात माझे होते, एवढंच सांगितलं.

गोदाकाठचा

रंग फासण्यावर एवढा गळा काढताय. मग 'राजा हरिश्चंद्र' बघताना कुठे जाता? तारामती कोण? अण्णा साळुंके! पुरुष! ग्रँट रोडच्या हॉटेलातला आचारी! 'लंका दहन'मध्ये तर रामही तोच आणि सीताही तोच. आमच्या फाळक्यांना तुम्ही 'काळ तसा होता' म्हणून फुलं वाहणार आणि व्हिटेकरला फासावर देणार. व्वा.

कलमबहाद्दर

कैच्याकै. फाळक्यांना १९१३ साली काम करायला बायकाच मिळेनात. १९६५ च्या लंडनमध्ये आशियाई नट मिळत नव्हते असं म्हणायचंय का? 'डॉक्टर हू'ची पहिलीच कथा ज्याने दिग्दर्शित केली तो वारिस हुसेन लखनौचा. म्हणजे कॅमेऱ्यामागे चालतो आणि कॅमेऱ्यासमोर रंगवलेला पाहिजे?

उंटावरचा

वारिस हुसेनचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्यानेच १९६४ मध्ये याच मालिकेतली 'मार्को पोलो' ही कथा केली. तिथे कुब्लाई खान मार्टिन मिलर आणि मंगोल सरदार डेरेन नेस्बिट. पिंग-चो झालेली झिनिया मर्टन तेवढी ब्रह्मदेशात जन्मलेली. म्हणजे दिग्दर्शक आपला असूनही जमलं नाही. ती तर सातच्या सात भाग गेली. तीही 'बरंच झालं' का? उत्तर द्या, विषय बदलू नका.

गोदाकाठचा

आधी माझ्या मुद्द्याला उत्तर द्या. नुसतं 'बायका मिळेनात' म्हणून भागत नाही. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उरलं. अर्धंच आहे की! तरी पुण्याचं फिल्म संग्रहालय ते जिवापाड जपतं आणि आपण अभिमानाने बघतो. मग अर्धं 'क्रुसेड' बघणाऱ्याला का हिणवता?

जुनी रीळ

अवांतर: उरलेली ती रिळं १९१३ ची आहेतच असं छातीठोक सांगता येत नाही. फाळक्यांनी १९१७ साली 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' नव्याने काढला. आज दाखवतात ते त्याचंच आहे, असं म्हणणारे अभ्यासक आहेत.

गोदाकाठचा

आला शहाणा! ३ मे १९१३, कॉरोनेशन थिएटर, हा इतिहास आता तुम्ही खोडणार?

जुनी रीळ

तारीख कोणी खोडली? चित्रपट लागला होताच. आज हातात असलेली फीत कुठली, एवढाच प्रश्न. आणि १९१७ ची ठरली तर तुमचाच फायदा. १९१३ चा दादरला झाला, नाशिकला फाळके त्यानंतर आले.

गोदाकाठचा

फायद्यातोट्याचा प्रश्न नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाबद्दल पुण्या-मुंबईत बसून निवाडे करायचे ही जुनी खोड आहे तुमची. माझे आजोबा सांगायचे, फाळक्यांचं शूटिंग बघायला त्यांचे वडील कामधंदा सोडून जायचे. ते काय खोटं बोलत होते?

जुनी रीळ

आजोबांच्या वडिलांनी शूटिंग बघितलं याने फितीचं साल कसं ठरतं, ते एकदा समजावून सांगा. मी वहीपेन घेऊन बसतो.

गोदाकाठचा

*(प्रतिसाद काढून टाकला आहे. कृपया सदस्यांच्या घरच्यांवर घसरू नये. - संपादक)*

टाइमपासराव

धाग्याचा काश्मीर झालेला आहे. धर्मयुद्ध जाफाहून नाशिकला पोचलं.

सायली_पार्ल्याची

आणि बार्बरा परत गेली. छान.

मिरजेचा तंतू

मला एक साधा प्रश्न आहे. हरवलेल्या कितीतरी भागांचं ॲनिमेशन केलं ना? फ्रेंच राज्यक्रांतीच्या 'द रेन ऑफ टेरर'च्या चौथ्या-पाचव्या भागाचं झालं आहे. 'क्रुसेड'चंही करावं आणि भांडण मिटवावं. आवाज आहेच, वर चित्रं चढवायची.

उंटावरचा

'रेन ऑफ टेरर'चं ते काम बघितलंत का? दर दोन सेकंदांनी कॅमेरा उडी मारतो आणि डोळे सारखे फिरवून माणसं वेड्यासारखी दिसतात. मूळ भाग संथ, चेहऱ्यावर रेंगाळणारे. मध्येच ते सुरू झालं की दुसऱ्याच घरात शिरल्यासारखं होतं. त्यापेक्षा १९९९ च्या व्हीएचएसवर विल्यम रसेल स्वतः म्हातारा इअन होऊन मधली गोष्ट सांगतो ते कितीतरी सरस. खरा नट, खरी सुरकुती.

कलमबहाद्दर

ॲनिमेशन केलं तर निदान एल अकीरला खरा अरब दाखवता येईल.

मिरजेचा तंतू

आवाज तर एल अकीर झालेल्या वॉल्टर रँडलचाच राहणार ना पण?

कलमबहाद्दर

…

निवृत्त टेपवाला

सायलीताईंच्या मुद्द्यावर बोलतो, कारण बाकी कोणी बोलायचं नाव घेत नाही. उंटावरचे, तुम्ही आवाजावर भागतं म्हणता, पण तुमच्या लेखातले सगळे दाखले तिसऱ्या भागातले आहेत. म्हणजे जो दिसतो त्यातले. जोआनाचा संताप, लेस्टरचं भांडण, सगळं बघितलेलं. मुंग्यांचा प्रसंग निरुपयोगी होता हे न बघता कशावरून ठरवलंत? आमच्याकडे एका बाईंच्या नाटकाची टेप पुसली गेली. पुढे त्याच नाटकाची संहिता मिळाली, ध्वनीही मिळाला. त्या स्वतः ऐकून म्हणाल्या, यात मी जे केलं होतं ते कुठेच नाही. दुसऱ्या अंकात त्या दहा-बारा सेकंद नुसत्या दाराकडे बघत उभ्या राहायच्या. टेपवर तेवढी शांतता ऐकू येते. ती शांतता म्हणजे त्यांचं काम, आणि पुसणारा मी.

उंटावरचा

काका, एवढं मान्य की मुंग्यांबद्दल मी जरा जोरात बोललो. पण म्हणून जे ऐकू येतं ते टाकून द्यायचं? दुसऱ्या भागाचे पडद्यावरून काढलेले फोटोही आहेत. आवाज लावायचा आणि फोटो पुढे ढकलत बसायचं. तुम्ही सांगता ती दहा सेकंदं त्यात मिळणार नाहीत, हे खरं. बाकी पुष्कळ मिळतं.

सायली_पार्ल्याची

"जरा जोरात"! फ्रेम करून लावते.

मिरजेचा तंतू

हे सगळं एकत्र कुठे मिळेल हे कोणी सांगेल का? मघापासून विचारायचं मनात आहे.

जुनी रीळ

२००४ चा 'लॉस्ट इन टाइम' हा डीव्हीडी संच शोधा. दोन्ही भाग त्यात आहेत, उरलेल्या दोघांचा आवाजही. नाहीच सापडला तर व्हिटेकरची स्वतःची कादंबरी वाचा, १९६६ ची. एल अकीर त्यात मालिकेपेक्षा भयंकर आहे, कलमबहाद्दरांनी हात लावू नये.

गोदाकाठचा

१९१३ विरुद्ध १९१७ साठी मी वेगळा धागा काढतोय. तिथे या.

कलमबहाद्दर

काल रात्री झोप येईना म्हणून दुसरा भाग ऐकला. तुमच्यामुळे नाही, उंटावरचे, गैरसमज नको. बरा आहे. बाजाराची गजबज, इअनला सर करतात तो प्रसंग, जमलंय. एक गोष्ट कबूल करतो: नुसतं ऐकताना कोणाच्या तोंडाला रंग फासलाय ते कळत नाही. तेव्हा दुसरा आणि चौथा भाग हरवले ते बरंच झालं, हे माझं म्हणणं आता जास्तच पक्कं झालं आहे. आता तिसराही कोणीतरी हरवावा.