मदत हवी आहे: कमी धातूत तितकाच भक्कम पार्ट डिझाइन करायला कुठं शिकावं?

नमस्कार मंडळी,
मी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत डिझाइनचं काम करतो. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग रोजचंच. आता टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन शिकायचंय. यात पार्टवरचा भार आणि आधार दिले की जिथं ताण फारसा येत नाही तिथला धातू सॉफ्टवेअर कमी करतं. वजन घटलं की वितळवायचा धातू आणि वीज, दोन्ही वाचतात. पण निघालेला आकार साच्यात ओतताही आला पाहिजे; ड्राफ्ट (साच्यातून सहज निघावा म्हणून बाजूंना दिलेला उतार), भिंतीची जाडी, कोअर (आतली पोकळी राखणारा साच्याचा भाग) सगळं सांभाळून. मी पाहिलेल्या व्हिडिओंत थ्रीडी प्रिंटिंगचीच उदाहरणं, कास्टिंगची नाहीत. खरी अडचण हीच.

फ्रीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये एफईएम (भाराखाली पार्टमध्ये येणारा ताण संगणकावर काढायची पद्धत) मोफत आहे, आधी त्यावर हात बसवावा का? बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरकडं संध्याकाळी मराठीतून शिकवणारं कुणी असेल तर कृपया कळवा. लाइफ सायकल असेसमेंट (कच्च्या मालापासून भंगारापर्यंत वस्तूचा पर्यावरणावर होणारा परिणाम मोजणं) केलेल्यांनीही जरूर लिहा.